वॉशिंग मशीनचा बोर्ड बदलला तरी पुन्हा जळतो? तिसरा बोर्ड घेण्याआधी हे तपासा

मशीन अचानक मुकं होतं. बटण दाबलं तरी एकही दिवा लागत नाही. मेकॅनिक येतो, पीसीबी गेला म्हणतो, काही हजारांचा नवा बोर्ड बसतो आणि मशीन झकास चालू लागतं. मग आखाजी (अक्षय्य तृतीया) येते, लेकी-नाती माहेरी येतात, कपड्यांचे ढीग पडतात, बाहेर ऊन रटरटतं, आणि नेमका तोच नवा बोर्ड पुन्हा जळतो. "भाऊ, मशीन परत बंद पडनं ना भो!" असे फोन मला जळगाव, भुसावळ, धुळे या शहरांतून येतात, तसेच चोपडा-यावलकडच्या मळ्यांतूनही येतात.

दुसऱ्यांदा बोर्ड गेला की बहुतेक जण म्हणतात, माल हलका होता किंवा मेकॅनिकने जुनाच बोर्ड पुसून बसवला. कधीकधी तसं असतंही. पण एकाच घरात, एकाच मशीनवर लागोपाठ दोन बोर्ड गेले असतील तर बोर्ड जाळणारं कारण बहुतेक वेळा त्या घरात किंवा त्याच्या लाईनवरच असतं. सॉकेटमध्ये, डीपीवर (घराला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर), अर्थिंगच्या खड्ड्यात किंवा मशीनच्याच एखाद्या पंपात ते बसलेलं असतं. ते सापडेपर्यंत तिसरा बोर्ड विकत घेऊ नका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे. ज्यांच्या हाताला पेचकस आणि मल्टिमीटरची सवय आहे त्यांना यातलं बरंच स्वतः तपासता येईल. ज्यांना नाही त्यांना निदान मेकॅनिककडून काय तपासून घ्यायचं ते कळेल.

बोर्ड खरंच गेलाय का

हे पटकन उरकतं. मशीन पूर्ण बंद असेल तर त्याच सॉकेटमध्ये इस्त्री लावून बघा. टेस्टर पेटला म्हणजे सॉकेट चांगलं, असं धरू नका. न्यूट्रल सुटला असला तरी टेस्टर पेटतोच. पॅनलवर दिवे आहेत पण बटणं ऐकत नाहीत, तर चाइल्ड लॉक लागलेलं असू शकतं. एलजीच्या मशीनवर तेव्हा 'सीएल' ही अक्षरं दिसतात. त्याच मशीनवर 'आयई' आलं तर पाणी पुरेसं भरत नाहीये आणि 'ओई' आलं तर पाणी बाहेर जात नाहीये. म्हणजे बोर्ड जिवंत आहे, आपलं काम करतोय आणि तुम्हाला बिघाड सांगतोय. अशा वेळी इनलेटची (पाणी आत येतं तिथली) जाळी, ड्रेन पाईप आणि टाकीचा कॉक बघायचा. 'ओई'वर बोर्ड बदललेली मशीनं मी पाहिली आहेत. पंपात अडकलेलं एक नाणं काढलं की ती चालू झाली असती.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. प्लग काढल्यावरही मशीनमध्ये पाणी येतच राहत असेल तर इनलेट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय, बोर्डाचा संबंध नाही. प्लग लावताक्षणी, प्रोग्राम सुरू न करता पाणी यायला लागत असेल तर मात्र बोर्डावरचा त्या व्हॉल्व्हचा ट्रायॅक, म्हणजे त्याची वीज चालू-बंद करणारा छोटा इलेक्ट्रॉनिक स्विच, शॉर्ट झालाय.

हात घालण्याआधी

प्लग सॉकेटमधून काढा. नुसता खटका बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये खटका न्यूट्रलवर घेतलेला सर्रास सापडतो आणि तेव्हा बंद मशीनमध्येही फेज उभा असतो. इन्व्हर्टर मोटरच्या मशीनमध्ये बोर्डावर मोठे कपॅसिटर असतात. त्यांवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतो. दहा मिनिटं थांबा, मग मीटर लावून तो उतरल्याची खात्री करा, तेव्हाच हात लावा.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. वॉशिंग मशीनच्या पुष्कळ बोर्डांत पाच आणि बारा व्होल्टची बाजू मेन लाइनपासून वेगळी केलेली नसते, कारण त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो. "पाच व्होल्टच तर आहेत" म्हणून चालू बोर्डाला बोट लावलं तर जमिनीच्या हिशेबाने ते बोट २३० व्होल्टवर असू शकतं. ओल्या मोरीत, अनवाणी उभं राहून चालू बोर्ड कोणीही तपासू नये. चालू अवस्थेतली मोजमापं अनुभवी मेकॅनिकवर सोडा. खाली जे तुमच्यासाठी लिहिलंय त्यातलं मशीनच्या आतलं सगळं प्लग काढून करायचं आहे.

मेलेला बोर्ड वाचायला शिका

सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते, आणि नेमकं इथेच कोणी बघत नाही. मेकॅनिक जुना बोर्ड पिशवीत टाकून घेऊन जातो आणि कारणही त्याच्याबरोबर जातं. म्हणून जुना बोर्ड मागून घ्या आणि उजेडात धरा.

मेन वायर जिथे बोर्डात शिरते तिथे एक फ्यूज असतो आणि त्याच्या शेजारी बहुतेक वेळा निळ्या रंगाची, रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान चकती असते. हा व्हॅरिस्टर. दुरुस्तीवाले त्याला एमओव्ही म्हणतात. त्यावर '४७१के' छापलेलं असेल तर तो ४७० व्होल्टचा आहे आणि सतत ३०० व्होल्ट एसीपर्यंत निवांत बसतो. वीज कडाडली, लाईनवर क्षणभराचा झटका आला, तर तो झटका स्वतःवर घेतो. पण लाईनवरच काही मिनिटं ४०० व्होल्ट येऊन राहिले तर त्याला तग धरता येत नाही. तो फुटतो, काळा पडतो आणि फ्यूज उडतो. चकती फुटलेली दिसली तर दोष मशीनबाहेर आहे. जास्त व्होल्टेज लाईनवरून आलंय. अशा वेळी पुष्कळदा नुसती चकती आणि फ्यूज बदलून बोर्ड चालू होतो, म्हणून नवा बोर्ड घेण्याआधी हे विचारा. काही जण मात्र फुटलेली चकती कापून फेकतात, फ्यूजच्या जागी तार टाकतात आणि बोर्ड चालू करून देतात. असा बोर्ड घरात लावू नका. पुढचा झटका थेट पॉवर सप्लायच्या आयसीवर जातो आणि मग आग लागायलाही वेळ लागत नाही.

चकती शाबूत आहे पण जवळची छोटी काळी आयसी फुटून तिला खड्डा पडलाय, असंही दिसतं. पुष्कळ बोर्डांत तिच्यावर 'एलएनके ३०४' किंवा 'व्हायपर १२' असं लिहिलेलं असतं. ती मेन लाईनच्या विजेपासून बारा-पाच व्होल्ट बनवते. ती एकटीच गेली असेल तर उष्णता, ओल, किंवा डोकं फुगलेला कपॅसिटर हे संशयित.

तिसरी खूण ही या लेखाची खरी गुरुकिल्ली आहे. बोर्डावर तीन पायांचे छोटे ट्रायॅक ओळीने असतात. एक इनलेट व्हॉल्व्हचा, एक ड्रेनचा, एक सॉफ्टनर किंवा गरम पाण्याच्या व्हॉल्व्हचा, वगैरे. बाकी सगळं स्वच्छ आहे आणि त्यातला एकच जळालाय, किंवा त्याच्याकडे जाणारी तांब्याची पट्टी उडालीय, तर त्या पट्टीवर बोट ठेवून कनेक्टरपर्यंत जा. तिथे कोणत्या रंगाची वायर लागते ते बघा आणि ती वायर मशीनमध्ये कुठे जाते ते शोधा. तिच्या टोकाला जो भाग आहे त्यानेच बोर्ड जाळलाय. तो भाग न बदलता नवा बोर्ड लावला तर तो त्या भागाची पाळी येईपर्यंतच चालेल. ड्रेन पंप असेल तर पहिल्या धुण्याचं पाणी काढतानाच जाईल.

मोटरचा ट्रायॅक किंवा रिले (टक आवाज करून वीज जोडणारा-तोडणारा स्विच) गेला असेल आणि मशीन कार्बन ब्रशवाल्या मोटरचं फ्रंट लोड असेल तर ब्रश काढून बघा. झिजून आखूड झालेले ब्रश ठिणग्या पाडतात आणि त्याचा ताण बोर्डावर येतो. आणि कुठे पांढरी-हिरवी पूड, मुंग्यांची माती, किंवा दोन टोकांमध्ये अडकून वाळलेली पाल दिसली तर कारण शोधायला लांब जायला नको.

टॉप लोडच्या पुष्कळ बोर्डांवर पारदर्शक राळेचा थर ओतलेला असतो. तो ओलीपासून वाचवतो, पण दुरुस्ती अवघड करतो. तरी त्यातून काळे डाग दिसतात.

लाईटचा खेळ

घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा आणि दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट असतात. हे दोन आकडे डोक्यात ठेवले की आपल्याकडे मशीनं का मरतात ते कळतं.

मळ्यातलं घर किंवा गावाच्या कडेचं घर ज्या डीपीवर असतं, त्याच डीपीवर केळीच्या आणि कपाशीच्या मोटारी असतील तर बघा काय होतं. बहुतेक स्टार्टरना ऑटो स्विच बसवलेला असतो. शेतीची लाईट आली की सगळ्या मोटारी एकदम उचलतात आणि घरातलं व्होल्टेज दाणकन खाली येतं. ट्यूब फडफडते, मशीनची मोटर घुरघुरते, रिले टकटक वाजतो, बोर्ड मध्येच रिसेट होतो. रिले असा फडफडला की त्याचे पॉइंट जळून चिकटतात. मोटारी बंद झाल्या की उलट. ओझं एकदम उतरतं आणि व्होल्टेज वर उडी मारतं. हे रोज होत असेल तर बोर्ड एका दिवसात मरत नाही, हळूहळू खंगतो.

न्यूट्रल तुटणं मात्र एका क्षणात मारतं. डीपीवरचा किंवा खांबावरचा न्यूट्रल सुटला की तीन फेजवरची घरं एकमेकांशी जोडली जातात. ज्या फेजवर ओझं कमी, तिथल्या घरांत व्होल्टेज ३०० ओलांडून ४०० कडे सरकतं आणि ज्या फेजवर ओझं जास्त तिथे दिवे मिणमिणतात. शेजारी डिम आणि आपल्याकडे ट्यूब डोळे दिपवणारी, पंखा वेड्यासारखा फिरतोय, असं दिसलं की क्षणभरही न थांबता मेन स्विच पाडा. मे-जूनच्या वादळात रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा आडव्या होतात तेव्हा तारा एकमेकींवर आपटतात, सांधे सैल होतात. वादळानंतर माझ्या टेबलावर येणाऱ्या बोर्डांत फुटलेली चकती हमखास दिसते.

तुमच्या घरी काय चाललंय ते मोजा. सॉकेटमध्ये लावायचं छोटं व्होल्टमीटर मिळतं, ते ठेवा. सकाळी, भर दुपारी, रात्री आठ-नऊला आणि शेतीची लाईट येते-जाते तेव्हा आकडा बघा. मग मशीन चालू असताना बघा. रिकामं असताना २२५ आणि हीटर लागताच १९५ होत असेल तर वायर बारीक आहे किंवा कुठेतरी सांधा सैल आहे. २००० वॅटचा हीटर सुमारे नऊ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचं सॉकेट आणि मीटरबोर्डापासून स्वतंत्र २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. एक्स्टेन्शन बोर्डवर फ्रंट लोड चालवू नका.

उपाय सांगताना एक गैरसमज आधी काढतो. एमसीबी जास्त व्होल्टेजपासून काहीही वाचवत नाही, तो जास्त करंटला पडतो. आपल्याला हवं ते ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. एमसीबीच्याच पट्टीवर बसतो, व्होल्टेज ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेलं की लाईन तोडतो आणि परत नीट झाल्यावर थोडा वेळ थांबून जोडतो. न्यूट्रल तुटल्यावरचे ४०० व्होल्ट सहन करून तोडणारा घ्या, तसं त्याच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. ज्या घरात दिवसभर व्होल्टेज वरखाली होत राहतं तिथे यासोबत स्टॅबिलायझरही लागेल. तो घेताना हाय कट-ऑफ, म्हणजे व्होल्टेज फार वाढलं की लाईन तोडायची सोय, आहे ना ते बघा. हीटर असलेल्या मशीनला ३ केव्हीएच्या खालचा चालणार नाही. नुसता स्टॅबिलायझर लावून न्यूट्रल तुटण्याचं संकट टळेल, या भरवशावर राहू नका.

लाईट गेल्यावर घरच्या बॅटरी इन्व्हर्टरवर मशीन चालवणारी घरंही आहेत. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर कृपया नको. मोटर तापते, बोर्डाच्या सप्लायवर ताण येतो.

काळी माती आणि अर्थिंग

तापीच्या दोन्ही काठांची काळी कसदार जमीन पिकाला सोनं आहे. अर्थिंगला मात्र ती अर्धंच वर्ष साथ देते. पावसाळ्यात ओली असते तेव्हा वीज छान मुरवते. उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि अर्थिंगच्या पाईपभोवतीची माती पाईप सोडून देते. म्हणून दिवाळीत ठीक असलेलं अर्थिंग एप्रिल-मेमध्ये नावापुरतंच उरतं. घर बांधताना मीठ-कोळसा टाकून पाईप पुरला, पण नंतर त्यात कधी पाणीच ओतलं नाही, असं शहरातल्या बंगल्यांतही सापडतं.

घरात अर्थिंग नाही हे मशीन स्वतः सांगतं. ओल्या हाताने पत्र्याला स्पर्श केला की झिणझिण्या येतात. पुष्कळ मशीनच्या नॉइज फिल्टरमध्ये फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थ वायर लटकती असेल तर त्यांच्यामुळे मशीनच्या बॉडीवर निम्मं, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट दिसतं. करंट फार थोडा असतो, पण लक्षण मोठं आहे. उद्या हीटर फुटला किंवा पंप उतरला, म्हणजे त्याची वीज बॉडीवर आली, तर तीच बॉडी जीव घेऊ शकते. बोर्डाच्या दृष्टीनेही लाईनवरच्या झटक्याला जमिनीत जायची वाटच राहत नाही.

मल्टिमीटरने सॉकेट तपासा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखे यावेत. न्यूट्रल-अर्थ मशीन चालू असताना एक-दोन व्होल्टच्या आसपास हवं. ते दहा-वीसच्या वर गेलं तर अर्थिंग किंवा न्यूट्रल बिघडलाय. ते ओझ्यावरही अगदी शून्यावर चिकटून बसलं तर संशय घ्या. कोणीतरी सॉकेटच्या मागे न्यूट्रलचीच तार अर्थच्या पिनेला जोडलेली असू शकते. मेन बंद करून सॉकेट उघडा आणि ती तार असेल तर काढा. असं असताना न्यूट्रल तुटला की मशीनच्या बॉडीवर पूर्ण फेज येतो. जुन्या धाब्याच्या घरांत, जिथे वायरिंग दोनच तारांचं आहे, तिथे हा जुगाड फार सापडतो. आणखी एक जुनी रीत म्हणजे अर्थची तार नळाच्या पाईपला गुंडाळणं. नळ लोखंडी होते तोवर ती कशीबशी चालली. आता जमिनीत पीव्हीसी आहे. पाईपची फॅक्टरी जळगावातच आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी त्याच प्लास्टिकला तार बांधलेली दिसते.

नवा खड्डा घेणार असाल तर मोरीचं किंवा कूलरचं पाणी जिथे जिरतं तिथे घ्या. पाईपच्या तोंडाला झाकण ठेवा आणि होळीपासून मृगापर्यंत आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओता. वायरमनकडे अर्थ टेस्टर असेल तर ५ ओहमच्या आत आकडा मागा, आणि मोजणी उन्हाळ्यात करून घ्या. पावसाळ्यातल्या आकड्यावर समाधान मानू नका. फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावून 'पेटला, म्हणजे झालं' ही पद्धत सोडून द्या. अर्थिंग कमकुवत असेल तर त्या वेळी घरातल्या सगळ्या उपकरणांच्या बॉडीवर वीज येते.

अर्थिंग झाल्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) बसवा. मोरीत मशीन असलेल्या घरात तो चैनीत मोडत नाही. तो वारंवार पडत असेल तर त्याला बायपास करू नका. तो बहुतेक वेळा हीटर किंवा पंप उतरल्याची खबर देत असतो.

मशीनचे भाग मोजून बघा

प्लग काढून, त्या त्या भागाचा कनेक्टर सोडवून, मीटर ओहमवर ठेवा. २३० व्होल्टचा इनलेट व्हॉल्व्ह साधारण साडेतीन ते पाच किलोओहम दाखवतो. फ्रंट लोडचा ड्रेन पंप शे-दोनशे ओहमच्या घरात असतो. २००० वॅटचा हीटर २६ ओहमच्या आसपास. टॉप लोडच्या ड्रेन मोटरचा आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, पण तो किलोओहममध्येच असायला हवा. दोन व्हॉल्व्ह असतील तर एकमेकांशी ताडून बघा. एक चार किलोओहम आणि दुसरा सातशे ओहम असेल तर दुसऱ्याची कॉइल आतून शॉर्ट होत चाललीय. मग प्रत्येक भागाची एक पिन आणि त्याचं लोखंड यांच्यात मोजा, मीटरने काहीच दाखवता कामा नये. साधं मीटर इथे फसवतं, गरम-ओलं झाल्यावरच उतरणारा पंप त्याला थंड असताना चांगला दिसतो. ज्याच्याकडे ५०० व्होल्टचा मेगर (वीज बॉडीवर गळते का ते जास्त व्होल्टेज देऊन मोजणारं मीटर) आहे अशा मेकॅनिककडून हीटर, पंप आणि मोटर तपासून घ्या. मेगर नाही म्हणणाऱ्याला दुसरा बोर्ड बसवू देऊ नका, असं मी स्पष्टच म्हणेन.

आपल्याकडे इनलेट व्हॉल्व्ह जास्त का जातो, याचं कारण पाण्यात आहे. बऱ्याच मशीनना किमान ०.३ ते ०.५ बार दाब लागतो. १ बार म्हणजे दहा मीटर उंचीचं पाणी, तेव्हा टाकीचा तळ मशीनच्या वर निदान तीन ते पाच मीटर हवा. गच्चीवरच्या खोलीत मशीन आणि डोक्यावर हातभर उंच टाकी, असं असेल तर दाब मिळतच नाही. नळाला काही दिवसांनी पाणी येणाऱ्या गावांत टाकी अर्धी रिकामी असते, तेव्हा तर बारीक धारच येते. व्हॉल्व्ह उघडा राहतो, कॉइल तापत राहते आणि एक दिवस शॉर्ट होऊन ट्रायॅकला घेऊन जाते. यावर छोटा प्रेशर पंप लावा किंवा मशीन खालच्या मजल्यावर आणा. बोअरच्या जड पाण्याने हीटरवर पांढरा थर बसतो, तो तापून तडकतो आणि पाण्यात वीज उतरते. असं पाणी असेल तर डीस्केलिंग पावडरचं धुणं नियमित करा.

उष्णतेबद्दल थोडंच सांगतो. भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या मशीनच्या आत त्याहून जास्त. बोर्डावरच्या कपॅसिटरचं आयुष्य प्रत्येक दहा अंशांना साधारण निम्मं होतं. मशीन सावलीत, भिंतीपासून वीतभर सुटं ठेवा, मे महिन्यात धुणं सकाळी लावा. तळाला उंदराची जाळी बसवा. ती नसेल तर कुरतडलेली वायर बॉडीला लागून बोर्ड जातो.

बोर्ड घेताना आणि बसवताना

मशीनच्या मागचा मॉडेल नंबर आणि जुन्या बोर्डावरच्या स्टिकरचा पार्ट नंबर, दोन्हीचे फोटो घेऊन दुकानात जा. दिसायला सारखे दोन बोर्ड आतल्या प्रोग्राममध्ये वेगळे असतात. ड्रमची क्षमता, मोटर, पाण्याची पातळी सगळं त्यात असतं. काही कंपन्यांच्या बोर्डांत बसवल्यावर मॉडेलचा ऑप्शन कोड भरावा लागतो, तो मेकॅनिकला माहीत आहे का ते आधी विचारा. मोटरवर दहा वर्षांची वॉरंटी असली तरी बोर्ड त्यात येतो असं धरू नका, कार्ड वाचा.

युनिव्हर्सल बोर्ड जुन्या, साध्या कपॅसिटर मोटरच्या टॉप लोडला चालतो. इन्व्हर्टर मोटरला अजिबात लावू नका. दुरुस्त केलेला बोर्ड मला नव्याइतकाच मान्य आहे, जर चकती, फ्यूज, आयसी किंवा एखादा ट्रायॅक एवढंच गेलं असेल. बोर्डाची मूळ पाटीच जळून कोळसा झाली असेल तर नको. तो कोळसा स्वतःच वीज वाहतो आणि खरवडून साफ केल्याशिवाय त्यावरचा नवा भाग टिकत नाही.

जुने कनेक्टर काढण्याआधी फोटो काढा. मग प्रत्येक कनेक्टर नाकाजवळ धरून, नख लावून बघा. एखादा पिवळा पडलाय, वितळलाय, आतली पिन सैल झालीय, तर तो बदला. पुन्हा पुन्हा जळणाऱ्या बोर्डांचं हे कारण फार वेळा सुटून जातं. बोर्ड नवा आणि त्याला लावलेला कनेक्टर तोच जुना, भाजलेला. सैल पिन तापते आणि नवा बोर्डही त्याच ठिकाणी करपतो. वायरींना बोर्डाकडे येताना खाली एक झोल द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोलापाशी गळून जाईल. बोर्डाच्या डब्याला वरून सिलिकॉन लावा, खालची हवेची भोकं बंद करू नका.

पहिल्यांदा वीज देताना मेकॅनिकला सिरीज बल्ब वापरायला सांगा. शंभर वॅटचा जुना तारेचा बल्ब फेजमध्ये मालिकेत जोडायचा, एलईडी चालत नाही. आधी सगळे भाग सुटे ठेवून फक्त बोर्ड. बल्ब क्षणभर चमकून विझला आणि पॅनल लागलं तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर बोर्डातच शॉर्ट आहे. मग एकेक भाग जोडत जायचं. कुठला जोडल्यावर बल्ब लख्ख होतो ते दिसलं की चोर सापडला, आणि नवा बोर्ड सुखरूप राहिला.

सगळं झाल्यावर मेकॅनिक घरात असतानाच कपडे न टाकता एक धुणं पूर्ण चालवा. पाणी भरणं, फिरणं, निचरा, स्पिन, आणि हीटर असेल तर ६० अंशांचं धुणं, आरसीसीबी चालू ठेवून. पाणी तापत असताना सॉकेटवरचं व्होल्टेज बघा. धुणं संपल्यावर प्लग काढून त्याच्या पिना हाताला किती गरम लागतात ते बघा. चटका बसला तर सॉकेट बदला.

जुना बोर्ड घरीच ठेवा. मशीनच्या मागच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. बोर्ड बदलल्याची तारीख, काय जळालं होतं, कोणता भाग बदलला, व्हॉल्व्ह-पंप-हीटरचे ओहम, त्या दिवशीचं सॉकेटचं व्होल्टेज आणि न्यूट्रल-अर्थचा आकडा त्यावर लिहा. पुढे कधी मशीन बंद पडलंच, तर येणारा माणूस तिथून सुरुवात करेल.